जास्तीचे दोन तास



मे महिन्यात आमच्या घरी रोज संध्याकाळी एक भांडण व्हायचं. विषय गंभीर होता. आजोबांना ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ दाखवायचा ठरला होता, पण कोणता दाखवायचा? थिएटरमध्ये लागलेला छोटा, की नंतर घरच्या प्रेक्षकांसाठी निघालेला लांबलचक?

भाचा, म्हणजे माझ्या दादाचा धाकटा, नुकताच बारावीतून सुटलेला. त्याचं म्हणणं, “आत्या, दाखवायचा तर पूर्ण दाखव. अर्धवट कशाला?” भाची इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. कॉलेजच्या कार्यक्रमांचे व्हिडिओ तीच कापते आणि जोडते, त्यामुळे या विषयातला अधिकार आपल्याकडेच आहे असं ती धरून चालते. ती म्हणाली, “कापलेलं असतं ते कारणाने कापलेलं असतं. आजोबांचा छळ करू नका.” मी भाचीच्या बाजूची. वहिनीला दोन्ही बाजू मान्य होत्या, फक्त रात्री अकराच्या आत भांडी घासून व्हायला हवी होती.

शेवटी बाबांनीच निकाल दिला. “मी ८१ वर्षांचा आहे. मला घाई नाही. लांब लावा.”

माझ्या कपाटात तिन्ही भागांचे जुने डीव्हीडी संच होते. प्लेअरही अजून चालतो, फक्त ट्रे बाहेर यायला वरून एक टपली मारावी लागते. तीन शनिवार ठरले. मी वहीच्या मागच्या पानावर सगळ्यांची मतं टिपत गेले, आणि या महिन्याचं सदर त्या पानावरूनच लिहितेय.

आधी ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती. जे. आर. आर. टॉल्किन यांची ही कादंबरी १९५४-५५ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झाली. दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांनी न्यूझीलंडमध्ये तिन्ही चित्रपटांचं मुख्य चित्रीकरण एकदमच केलं. मग २००१, २००२ आणि २००३ अशा लागोपाठच्या तीन डिसेंबरांत एकेक भाग आला. त्यानंतर प्रत्येक भागाची वाढवलेली आवृत्ती डीव्हीडीवर निघाली. पहिली नोव्हेंबर २००२ मध्ये, दुसरी नोव्हेंबर २००३ मध्ये, तिसरी डिसेंबर २००४ मध्ये. प्रत्येक संचात चार डिस्क होत्या. दोन डिस्कवर चित्रपट, आणि उरलेल्या दोनवर तो कसा तयार झाला याची सविस्तर गोष्ट.

आता हिशोब बघा. थिएटरमध्ये पहिला भाग १७८ मिनिटांचा होता, घरी तो २०८ झाला. दुसरा १७९ चा २२३ झाला. तिसरा २०१ चा २५१. म्हणजे ३०, ४४ आणि ५० मिनिटं मिळून १२४ मिनिटं, दोन तासांहून थोडं जास्त. एका अख्ख्या हिंदी सिनेमाएवढा ऐवज भर पडला. आणि ही भर म्हणजे शेवटी चिकटवलेलं शेपूट नव्हे. नवी दृश्यं मूळ चित्रपटात जागच्या जागी बसवली आहेत, आणि संगीतकार हॉवर्ड शोर यांनी त्यांच्यासाठी वेगळं संगीतही करून दिलं. त्यामुळे पहिल्यांदा बघणाऱ्याला सांधा कळतसुद्धा नाही.

पहिला शनिवार भाच्याने जिंकला.

सुरुवातीलाच हॉबिट लोकांच्या गावाचं वर्णन येतं. बिल्बो म्हातारा आपलं पुस्तक लिहायला बसलाय आणि आपल्या माणसांबद्दल सांगतोय. यांना खाणंपिणं प्रिय, शेतीवाडी प्रिय, गावाबाहेरच्या जगाशी फारसं देणंघेणं नाही. छोट्या आवृत्तीत हे एवढं निवांत नाही. बाबा म्हणाले, “हे बरं केलं. कोणतं गाव वाचवायचंय ते आधी दाखवलं.” भाच्याने लगेच माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घालून वहीत लिहिलं.

त्याच भागात पुढे निरोपाचा प्रसंग आहे. वनातली राणी गॅलाड्रिएल निघालेल्या प्रत्येकाच्या हातात काहीतरी ठेवते. कुणाला धनुष्य, कुणाला खंजीर, सॅमला दोर. गिम्ली हा राकट बुटका योद्धा तिच्याकडे काय मागतो? तिच्या केसांतला एक केस. ती त्याला तीन देते. थिएटरमध्ये यातलं बहुतेक कापलं होतं. वहिनी एरवी लढाया सुरू झाल्या की मोबाइल काढते, पण तिथे तिने विचारलं, “एवढं सुंदर का कापलं होतं?” मुक्कामाहून निघणाऱ्या पाहुण्याच्या हातावर काही ठेवल्याशिवाय आपल्याकडे त्याला उंबरा ओलांडू देत नाहीत, त्यामुळे तिला ते जवळचं वाटणारच. शिवाय याचा पुढे उपयोगही आहे. दुसऱ्या भागात गॉलमच्या गळ्यात जो दोर पडतो आणि त्याला भाजतो, तो मुळात आला कुठून हे या दृश्यामुळे कळतं.

शेवटी नामावली सुरू झाली ती संपेचना. २०८ मिनिटं संपल्यावर जवळजवळ २० मिनिटं नुसती नावंच नावं. ती चित्रपटाच्या अधिकृत फॅन क्लबच्या सभासदांची. बाबांना ही कल्पना फार आवडली. म्हणाले, “आपल्या गणेशोत्सवाच्या अहवालात वर्गणीदारांची यादी छापतात ना, तसंच हे. आपलं नाव कुठल्या पानावर आहे ते शोधायला तरी माणूस अहवाल उघडतो.”

तिसऱ्या शनिवारचं आधी सांगते, दुसऱ्याबद्दल शेवटी बोलायचंय.

तिसरा शनिवार भाचीचा. तिने आल्या आल्याच सांगितलं, “या भागाला ११ ऑस्कर मिळाले, त्यात एक एडिटिंगचं. आणि ते सगळे छोट्या आवृत्तीला. लांब आवृत्ती तेव्हा बाजारात आलीच नव्हती.” खरं आहे. ऑस्कर फेब्रुवारी २००४ मधले, आणि ही डीव्हीडी त्या डिसेंबरची.

मग तिने एकेक जागा दाखवायला सुरुवात केली. मोठ्या लढाईच्या वेळी नदीतून काळी जहाजं येतात. सगळ्यांना वाटतं, शत्रूची कुमक आली. आणि त्यातून अ‍ॅरागॉर्न उडी मारून उतरतो. थिएटरमध्ये या क्षणाला टाळ्या पडल्या होत्या, मी स्वतः वाजवल्या होत्या. लांब आवृत्तीत मात्र अ‍ॅरागॉर्न ती जहाजं अडवतो ते आधीच दाखवलं आहे. मग जहाजातून कोण उतरणार हे आपल्याला ठाऊकच असतं. “पत्ते आधीच उघडे टाकले,” भाची म्हणाली. यावर भाच्यालाही काही बोलता येईना.

दुसरी जागा गॅंडाल्फची. काळ्या सेनेचा सरदार त्याच्या समोर येतो आणि त्याची काठी फोडून टाकतो. पुस्तकात असं घडत नाही. तिथे दोघं वेशीवर समोरासमोर उभे राहतात आणि तेवढ्यात कोंबडा आरवतो, मदतीची शिंगं वाजतात. जगभरचे चाहते या एका दृश्यावर आजही नाराज आहेत. भाच्याने तर उशी फेकली.

तिसऱ्या जागेवर बाबा भडकले. शेवटच्या लढाईआधी शत्रूचा दूत दारातून बाहेर येतो. बोलतो अत्यंत वाईट, हे कबूल. पण अ‍ॅरागॉर्न पुढे होऊन त्याचं मुंडकंच उडवतो. बाबा ताठ बसले. “दूताला मारत नाहीत! रावणाच्या दरबारातसुद्धा बिभीषणाने हे सांगितलं होतं. म्हणून तर मारुतीच्या शेपटीवर भागलं. आणि हा म्हणे आदर्श राजा!” पुस्तकात तो दूत जिवंत परत जातो, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा कुठे त्यांचं टॉल्किनबद्दलचं मत सुधारलं.

मात्र याच भागात एक दृश्य असं आहे की ते कापलं तेव्हा प्रेक्षकच बुचकळ्यात पडले होते. सारुमान हा दुसऱ्या भागातला मोठा खलनायक. तिसऱ्या भागाच्या थिएटर आवृत्तीत तो दिसतच नाही. मनोऱ्यात बसलाय, त्याची शक्ती संपली, एवढं सांगून सगळे पुढे निघतात. त्याचं काम करणारे ख्रिस्तोफर ली हे टॉल्किनना प्रत्यक्ष भेटलेले, पुस्तकाचे जुने भक्त. आपला प्रसंग कापल्याचं त्यांना फार लागलं होतं. लांब आवृत्तीत सारुमानचा शेवट आहे. दोन्ही पक्षांचं एकमत झालं ते फक्त इथे: हे हवंच होतं.

बाबांनी मध्येच एक जुनी गोष्ट काढली. पूर्वी संगीत नाटकं रात्र रात्र चालायची. एका पदाला तीन-तीन वन्समोअर. कथा तिथेच थांबलेली, पण उठून कोणी जात नसे. पुढे तीच नाटकं तीन तासांत बसवायला लागले तेव्हा पदं गेली. “कथा सगळी कळते,” बाबा म्हणाले, “पण कथा तर आम्हाला आधीही ठाऊकच होती.” हे वाक्य मी वहीत अधोरेखित केलंय. ज्याला कथा ठाऊक नाही त्याच्यासाठी छोटी आवृत्ती, आणि ज्याला ठाऊक आहे, आवडते, पुन्हा त्यात जाऊन बसायचंय त्याच्यासाठी लांब. स्वतः पीटर जॅक्सन यांनीही थिएटरची आवृत्ती हीच आपली खरी आवृत्ती मानली आहे, आणि वाढीव आवृत्ती हौशी चाहत्यांसाठीची भेट.

माझं मतही एवढ्यावर थांबलं असतं. पण दुसरा शनिवार राहिलाय.

दुसऱ्या भागात सुरुवातीला हसण्यासारखं बरंच आहे. एओविन ही राजकन्या अ‍ॅरागॉर्नसाठी स्वतः रस्सा करून आणते. एक घोट घेतल्यावर त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. ती पाठ फिरवते तसा तो हळूच ओतून टाकायला जातो, तेवढ्यात ती पुन्हा वळते आणि गरम रस्सा त्याच्याच हातावर. वहिनीने दादाकडे पाहून मान हलवली, काय आठवलं ते दोघांनाच ठाऊक. याच प्रसंगात कळतं की अ‍ॅरागॉर्न ८७ वर्षांचा आहे. बाबा खूश. “माझ्याहून सहा वर्षांनी मोठा! आणि तुम्ही मला जिन्यावरून एकट्याला उतरू देत नाही.”

दादा या सगळ्यात नव्हता. तो मागे जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसला होता. भाचीला पुढच्या वर्षी बाहेर एमएसला पाठवायचं होतं. कुठल्या विद्यापीठाची मुदत कधी, फी किती, कर्ज किती याचा त्याने एक लांबलचक तक्ता केला होता आणि रोज रात्री तो त्यात काहीतरी भरायचा. घरात कुणाला त्यात काही गैर वाटत नव्हतं. भाची हुशार, पहिल्यापासून पहिली, ती जाणारच. भाच्याला कोणी तक्ता केलेला नव्हता. तो गमतीने म्हणायचाही, “मी बाबा आरामात आहे, माझ्याकडून कुणाला अपेक्षाच नाहीत.” गंमत होती की नाही, हे आम्ही कधी विचारलं नव्हतं.

मग तो प्रसंग आला. फॅरामीरला आपला मेलेला थोरला भाऊ बोरोमीर आठवतो. पहिल्या भागात आपण बोरोमीरला पाहिलेलं असतं ते अंगठीच्या मोहात पडून फ्रोडोवर धावून जाणारा माणूस म्हणून. मरताना त्याने प्रायश्चित्त घेतलं, पण मनात राहतो तो मोह. या जास्तीच्या दृश्यात मागची गोष्ट कळते. बोरोमीरने शहर परत जिंकलंय. दोघं भाऊ हसताहेत, पेले भरताहेत. आणि वडील, डेनेथॉर, येतात. थोरल्याला मिठी, धाकट्याला टोमणा. बोरोमीर धाकट्याची बाजू घेतो. वडील ऐकत नाहीत. ते त्याला बाजूला घेऊन सांगतात, दूर एक सभा आहे, तिथे ती अंगठी असणार, ती माझ्यासाठी घेऊन ये. बोरोमीर म्हणतो, माझी जागा इथे आहे, माझ्या माणसांत. फॅरामीर म्हणतो, मी जातो. वडील त्याला उडवून लावतात. आणि बोरोमीर निघतो.

थिएटरच्या दुसऱ्या भागात यातलं काहीच नाही. डेनेथॉर तिथे दिसतच नाही, तो थेट तिसऱ्या भागात येतो. त्यामुळे चित्रपट पाहून बाहेर पडताना ‘बोरोमीरला अंगठी हवी होती’ एवढंच आपल्याला वाटतं. त्याला मुळात घरून निघायचंच नव्हतं, हे कळत नाही. लांब आवृत्तीवर टीका करणारेसुद्धा हे दृश्य मात्र राखायला हवं होतं असं बहुतेक म्हणतात, ते यासाठीच.

आमच्याकडे त्या वेळी कोणी काही बोललं नाही. थोड्या वेळाने डिस्क बदलायची वेळ आली. भाचा ट्रेला टपली मारत होता. भाची टीव्हीच्या काळ्या पडद्याकडे बघत म्हणाली, “त्याला जायचं नव्हतं. त्याला कुणी विचारलंच नाही.”

भाचा तिकडूनच म्हणाला, “आणि ज्याला जायचं होतं त्यालाही कुणी विचारलं नाही.”

मागे टाइप करण्याचा आवाज थांबला होता. मी वळून पाहिलं नाही, पण थांबला होता हे नक्की. वहिनी चहा टाकायला उठली.

त्या रात्री चित्रपट संपल्यावर दादा आणि भाची गच्चीत गेले. एक वाजेपर्यंत बोलत होते. तिथे मी नव्हते, आणि असते तरी ते इथे लिहिलं नसतं. एवढंच सांगते की या वर्षीचे अर्ज गेले नाहीत. ती वर्षभर इथेच, वडोदऱ्यात, नोकरी करून बघणार आहे. मग ठरवणार. दादा पूर्ण खूश आहे असं नाही. तक्ता अजून त्याच्या लॅपटॉपमध्ये आहे. पण तिसऱ्या शनिवारी तो लॅपटॉप न घेता आला, भाच्याशेजारी बसला आणि चारही तास उठला नाही. मध्येच त्याने भाच्याला विचारलं, “हा फॅरामीर शेवटी जगतो ना रे?” भाचा म्हणाला, “बघा ना पप्पा, सांगून टाकलं तर काय मजा?”

जगतो. लांब आवृत्तीत त्याचं आणि एओविनचं जखमींच्या खोलीत भेटणंही दाखवलं आहे, आणि थिएटरमध्ये तेही नव्हतं.

मंडळी, एका दृश्याने घर बदलतं असं मी म्हणणार नाही. ते बोलणं कधीतरी झालंच असतं, कदाचित उशिरा झालं असतं. पण छोटी आवृत्ती लावली असती तर त्या शनिवारी झालं नसतं, हे मला कबूल करावं लागेल. मी भाचीच्या बाजूने होते, आता निम्मी भाच्याच्या बाजूला सरकले आहे.

तुम्हाला बघायचाच असेल तर माझा सल्ला असा. पहिल्यांदा बघणाऱ्याने थिएटरची आवृत्ती बघावी. जहाजांच्या प्रसंगाला टाळ्या वाजवायचा हक्क कोणी सोडू नये. मग काही महिने जाऊ द्यावेत आणि लांब आवृत्ती घरच्यांबरोबर बघावी. एका दिवसात नको, अकरा तासांहून जास्त वेळ लागतो आणि शेवटी कोण कुणाशी लढतंय हेही कळेनासं होतं. तीन शनिवार घ्या. मध्ये थांबायची सोय ठेवा. आणि घरातल्या मोठ्यांना ‘तुम्हाला नाही कळणार’ म्हणून बाजूला बसवू नका. आमच्याकडे सगळ्यांत नेमकी मतं ८१ वर्षांच्या माणसाची निघाली.

हा लेख भाचीला आधी वाचायला दिला होता, तिच्याबद्दल लिहिलंय म्हणून. तिने दोन ठिकाणी शब्द बदलले आणि एक परिच्छेद कापला. वर म्हणाली, “चित्रपटाला त्या दृश्याची गरज नव्हती, हे माझं मत कायम आहे. तेही लिही.”

लिहिलं.

पुढच्या महिन्यात भेटूच. तोवर तुमच्या घरी दोन पक्ष पडले तर कोण कुठल्या बाजूला गेलं ते नक्की कळवा.

— तुमची आत्या